दावा, दाखला, हरकत, जबाब

दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन असे पर्याय दिलेले असतात. त्यांतला एक निवडून मुलाने लिहायचे असते. यांपैकी तिसऱ्याला 'वैचारिक' का म्हणतात, हे कोडे मला आजवर सुटलेले नाही. 'विज्ञान : शाप की वरदान?' या विषयावर महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांनी लिहिले असेल, याची मोजदाद नाही. पण त्या सगळ्या निबंधांचा शेवट आपल्यापैकी कोणीही न वाचता सांगू शकेल. आरंभी एक सुविचार, मग फायद्यांचा परिच्छेद, मग तोट्यांचा परिच्छेद, आणि अखेरीस 'प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात, म्हणून विज्ञानाचा वापर विवेकाने करावा.' संपला निबंध. मुलाला स्वतःला काय वाटते हे कोणी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. अक्षर चांगले असले, दोन म्हणी आणि एक श्लोक पेरलेला असला की गुण मिळतात.

याला आपल्याकडे 'समतोल लेखन' म्हणतात. समतोल साधायचा तर आधी तराजूच्या दोन्ही पारड्यांत काही तरी टाकावे लागते. इथे पारडी रिकामीच असतात, म्हणून काटा मध्ये उभा राहतो. सोळा वर्षांचे मूल शाळेतून बाहेर पडते तेव्हा त्याने एकदाही 'माझे म्हणणे असे आहे, त्याला कारण हे आहे, आणि तुमचा आक्षेप मला ठाऊक आहे, त्याला माझे उत्तर असे आहे' अशी चार वाक्ये सलग लिहिलेली नसतात.

हा दोष साऱ्याच शाळांचा आहे. मग मुस्लिम मराठी वाचकांपुढे त्याचे गाऱ्हाणे कशासाठी? कारण या दोषाची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. ज्याला कोणी जाब विचारत नाही, त्याला युक्तिवाद न आल्याने फारसे बिघडत नाही. आपल्या मुलाला जाब विचारला जातो. वर्गात इतिहासाचा तास चालू असताना विचारला जातो, वसतिगृहात विचारला जातो, शहरात भाड्याने खोली शोधताना विचारला जातो, चहाच्या टपरीवर हसत हसत विचारला जातो. 'तुमच्यात असं का रे असतं?' या पाच शब्दांना त्याच्याजवळ दोनच उत्तरे असतात. एक तर ओशाळे हसायचे, नाही तर हातघाईवर यायचे. तिसरे उत्तर शाळेने त्याला शिकवलेले नाही. आणि स्पष्टच लिहायचे तर आपणही शिकवलेले नाही.

हे तिसरे उत्तर शिकवण्यासाठी परदेशी पुस्तके आणायला नकोत. त्याचा सांगाडा मराठी भाषेत कधीचाच तयार आहे, आणि तो सांगाडा कोणत्या शब्दांनी बनलेला आहे ते पाहिले म्हणजे गंमत वाटते. दावा, दाखला, हरकत, जबाब. चारही शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इतके मुरले की आज कोणाला त्यांचे मूळ आठवतही नाही. कबूल, खुलासा, वकील, फैसला ही त्यांचीच भावंडे. मराठी माणसाला तंटा करायचा असो की तो मिटवायचा असो, या शब्दांवाचून त्याचे पान हलत नाही. 'मुसलमानांनी मराठीला काय दिले?' असे विचारणाऱ्याला एवढा एकच दाखला पुरे आहे. ज्या भाषेत तो आपल्यावर दावा ठोकतो, त्या भाषेतला 'दावा'च मुळी अरबी आहे.

हे शब्द शेतकऱ्याच्या पोराला शिकवावे लागत नाहीत. त्याच्या घरात बांधाचा वाद असतो, वाटेचा वाद असतो. फेरफारावर कोणी तरी हरकत घेतलेली असते, बाप तारखेला शिरूरच्या कचेरीत जाऊन आलेला असतो. दाव्याला कागद लागतो, साक्षीदार लागतो, समोरच्याची हरकत लेखी येते आणि तिला मुद्देसूद जबाब द्यावा लागतो, हे त्याने जेवताना ऐकलेले असते. नुसत्या आरडाओरड्याने सातबारा बदलत नाही, हे ज्ञान त्याला आठवीतच झालेले असते. शाळा मात्र या ज्ञानाला वर्गाबाहेर चपलांपाशी ठेवायला लावते आणि आत 'नाण्याच्या दोन बाजू' घोकून घेते.

शिरूर तालुक्याचे नाव सहज आलेले नाही. माझ्या म्हणण्याचा कस लावण्यासाठी या तालुक्यातल्या पाबळपेक्षा चांगले गाव मला दिसत नाही. तिथे दोन गोष्टी आहेत. एक मस्तानीची कबर, दुसरा विज्ञान आश्रम. या दोहोंतून निबंधाची अख्खी शाळा उभी राहू शकते.

आधी कबरीचे पाहू. बाजीरावाने मस्तानीला इनाम दिलेल्या गावांत पाबळचे नाव येते. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडी येथे बाजीराव वारला आणि त्याच साली मस्तानीही गेली. तिचे थडगे पाबळला आहे. गावातले हिंदू त्याला समाधी म्हणतात, मुसलमान मजार म्हणतात. पुण्याला तिच्या नावाचा शनिवारवाड्याचा दरवाजा आहे, कोथरूडहून हलवून केळकर संग्रहालयात उभारलेला तिचा महाल आहे आणि आइस्क्रीम घातलेल्या दुधाच्या थंडगार पेल्यालाही तिचेच नाव आहे. ना. सं. इनामदारांची 'राऊ' वाचलेली पिढी वेगळी आणि २०१५ च्या हिंदी चित्रपटावरून मस्तानी ओळखणारी पिढी वेगळी. सर्वांना ती ठाऊक आहे. ती कोण होती हे मात्र ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवलेले आहे.

आता पाबळच्या किंवा आसपासच्या शाळेत या स्थळावर निबंध लिहायला सांगितला तर काय येईल? 'आमची सहल' येईल. नाही तर 'मी मस्तानीची कबर बोलते आहे' असे आत्मकथन येईल, आणि कबर बिचारी तिसऱ्या ओळीपासून अश्रू ढाळू लागेल. माझे म्हणणे असे की, मुलांना सरळ प्रश्न टाकावा : या वास्तूला समाधी म्हणावे की कबर? बाजू घ्या आणि लिहा.

काय होईल पाहा. एक मुलगा लिहील, 'ही कबरच आहे, कारण मस्तानी मुसलमान होती.' त्याला विचारावे, दाखला काय? मग त्याला शोधावे लागेल की, तिला बुंदेलखंडच्या छत्रसालाची मुलगी मानतात, छत्रसालाचा संबंध प्रणामी पंथाशी होता, आणि या पंथाच्या शिकवणुकीत कुराणाचाही आदर आहे. म्हणजे आजच्या जनगणनेच्या रकान्यात ती सहजासहजी बसत नाही. दुसरी मुलगी लिहील, 'मस्तानी सती गेली, म्हणून ही समाधी.' तिला दुसरी एखादी पोर विचारील, 'सती गेली तर थडगे कशाचे?' शाळेतल्या एका तासात याहून चांगली हरकत निघणे कठीण. पण तिसरे मूल या हरकतीलाही अडवू शकते : थडगे आठवणीसाठीही बांधतात, म्हणून नुसत्या थडग्यावरून ती पुरली गेली हे सिद्ध होत नाही. विष घेतले म्हणतात, झुरून मेली म्हणतात, चितेत उडी घेतली म्हणतात. यातले काहीही छातीठोकपणे सांगावे असा पुरावा नाही. मग मुलाला आयुष्यातला सर्वात उपयोगी धडा मिळतो. माहीत असलेली गोष्ट, लोक सांगतात ती गोष्ट आणि मला वाटते ती गोष्ट या तिन्ही वेगवेगळ्या ओळींत लिहायच्या असतात.

पुढे तिच्या मुलाची गोष्ट येईल. त्याचे कृष्णराव हे नावही सांगतात आणि समशेर बहादूर हे नाव तर इतिहासात नोंदलेलेच आहे. पुण्याच्या ब्रह्मवृंदाने त्याची मुंज होऊ दिली नाही. तो पेशव्यांच्याच घरात वाढला, १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला, जखमी होऊन भरतपूरकडे गेला आणि तिथेच वारला. 'मराठेशाही आणि मुसलमान' या विषयावर लिहिणाऱ्या मुलाला याहून ठसठशीत दाखला कुठला हवा? पण इथेही सावध राहायला शिकवले पाहिजे. एका समशेर बहादुराच्या मरणावरून 'सर्व काही आलबेल होते' असा दावा निघत नाही, आणि एका नाकारलेल्या मुंजीवरून 'सर्व काही वैराचे होते' असाही निघत नाही. जेवढा दाखला, तेवढाच दावा. कापड पाहून सदरा बेतावा.

कोणी म्हणेल, या वास्तूला दोन्ही नावे शोभतात असे मुलाने लिहिले तर ती पुन्हा नाण्याची दुसरी बाजूच झाली. नाही होत. नाण्याच्या दोन बाजू सांगणारा मुलगा निर्णय टाळतो. 'दोन्ही नावे ठेवा, कारण इथे फूल वाहणारा आणि फातिहा पढणारा एकमेकांना शेजारी म्हणून ओळखतात, आणि तिच्या धर्माचा निवाडा करण्याइतका पुरावा कोणाहीजवळ नाही' असे लिहिणारा मुलगा निर्णय घेतो, त्याची कारणे देतो आणि दोन्हीकडच्या आग्रही मंडळींचा रोष पत्करतो. असा रोष पत्करायचे ज्याने शाळेत शिकून घेतले, तो पुढे जमावात सहजासहजी सापडत नाही. मार्च २०२५ मध्ये एका थडग्यावरून नागपूर पेटले, ते थडगे खुलताबादेत, म्हणजे शेकडो कोस दूर. दगड उचलणाऱ्या हातांपैकी कितींनी त्या थडग्याविषयी धड चार ओळी वाचल्या असतील?

आता विज्ञान आश्रमाकडे वळू. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली मानाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कालबाग १९८३ साली पाबळला आले. कोरडवाहू, पाण्यासाठी डोळे लावून बसलेले गाव त्यांनी मुद्दाम निवडले. इथे जे साधेल ते देशातल्या बहुसंख्य गावांत साधेल, असा त्यांचा हिशेब होता. शाळेत नापास ठरलेली मुले हाताला काम दिले की शिकतात, हाताने केलेले डोक्यात जाते, ही त्यांची धारणा. त्यातून शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय उभा राहिला, राज्याच्या परीक्षा मंडळाने त्याला मान्यता दिली. लोखंडकाम, शेती व पशुपालन, ऊर्जा व पर्यावरण, घर व आरोग्य अशी त्याची अंगे. त्रिकोणी चौकटी जोडून बांधलेला घुमट ही पाबळची ओळख झाली. कालबाग २००३ साली गेले, काम चालू आहे.

याचा निबंधाशी काय संबंध? थेट संबंध आहे. वेल्डिंग शिकणाऱ्या मुलाला 'वेल्डिंगचे महत्त्व' पाठ करायला लावत नाहीत. त्याला दोन तुकडे देतात, जोड म्हणतात. जोडल्यावर मास्तर त्या सांध्यावर हातोडा मारून पाहतो. तुटला तर पुन्हा जोड. तिसऱ्या-चौथ्या खेपेला सांधा टिकतो आणि मुलाला तो का टिकला हे कळलेले असते. युक्तिवादातही सांधा असतो. 'म्हणून' हा तो सांधा. 'मस्तानी मुसलमान होती म्हणून ही कबर आहे', 'अमुक एक मुसलमान वाईट वागला म्हणून सगळे मुसलमान वाईट', 'आमच्या पूर्वजांनी बीजगणित दिले म्हणून आम्ही आजही थोर'. या प्रत्येक 'म्हणून'वर हातोडा मारून पाहिला पाहिजे. आपल्या शाळांत निबंधाच्या वहीवर लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त होते, 'म्हणून' कधीच तपासले जात नाही. आणि तुटलेला निबंध पुन्हा लिहायला कोणी सांगत नाही. एकदा लिहिला, गुण दिले, पान उलटले. लोहारकामाला असा कारभार चालला असता तर गावातल्या एकाही खिडकीला गज टिकला नसता.

शाळकरी मूल असले लिहू शकेल का, अशी शंका काही शिक्षक काढतात. तिचे उत्तर पुण्यात १८५५ सालीच मिळालेले आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मांग समाजातली मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत छापून आला. त्या निबंधात रडगाणे नाही, फिर्याद आहे. तिने समोरच्याचीच गोष्ट गृहीत धरली : वेद ब्राह्मणांचेच आहेत, इतरांना ते पाहण्याचाही अधिकार नाही असे तुम्ही म्हणता ना? ठीक. मग ज्यांना धर्मग्रंथ पाहण्याचाच अधिकार नाही, ते धर्माविना राहिले असे होत नाही काय? मग आमचा धर्म कोणता? समोरच्याच्या दाव्यातूनच तिने त्याला अडचणीत आणले. त्याच्या जोडीला तिने पेशवाईतले अत्याचार सांगितले, आपल्या समाजातल्या बाळंतिणींना डोक्यावर छप्परही नसते हे सांगितले. ज्या पोरीच्या आजी-पणजीने अक्षर पाहिले नव्हते, तिला अवघ्या काही वर्षांच्या शाळेत हे साधले. आपल्या मुलांना दहा वर्षांच्या शाळेत साधत नाही, याचा दोष मुलांचा खचित नाही.

त्याच शाळेच्या गोष्टीत आपले एक नाव आहे, फातिमा शेख. या नावाशी आपण कसे वागलो तेही पाहू. तिच्यावर पोवाडे झाले, भाषणे झाली, ९ जानेवारी हा तिचा जन्मदिवस म्हणून साजरा होऊ लागला. या तारखेचा समकालीन दाखला काय, हे आपल्यापैकी कोणी विचारले नाही. जानेवारी २०२५ मध्ये एका पत्रकाराने जाहीर केले की, फातिमा शेख हे पात्र आपणच रचले. त्यावर आपली प्रतिक्रिया काय होती? शिव्या, शाप आणि 'षड्‌यंत्र' हा शब्द. वास्तविक जबाब एका ओळीचा होता. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचे नाव आहे, आणि मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्‌मयात ते पत्र कधीचेच छापलेले आहे. काही जणांनी हा जबाब दिला, आणि तोच टिकला. त्या पत्रातून फातिमा शाळेच्या कामात होती एवढे निघते. तिचा जन्मदिवस निघत नाही, तिचा चेहरा निघत नाही. आपण पुराव्यापेक्षा मोठी मूर्ती घडवली, म्हणून कोणालाही तिच्यावर दगड मारावासा वाटला. पत्राएवढाच दावा केला असता तर दगड मारायला जागाच उरली नसती.

आता माझ्यावरच्या हरकती. त्या मी ऐकलेल्या आहेत आणि त्या पोकळ नाहीत.

पहिली हरकत सर्वात वजनदार आहे. 'दिवस वाईट आहेत. आपल्या पोराने तोंड उघडायचे दिवस हे नव्हेत. त्याला खाली मान घालून गुण मिळवू द्या, नोकरी लागू द्या. वाद घालायला शिकवून त्याला संकटात कशाला लोटता?' हे बोलणारी आई भित्री नाही, ती वर्तमानपत्र वाचते. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून काय झाले हे तिने पाहिलेले आहे. पण त्या घटनेतच माझा जबाब आहे. स्टेटस म्हणजे युक्तिवाद नव्हे. त्यात दावा असतो, दाखला नसतो, आणि हरकतीला तर दगडाचेच उत्तर मिळते. ज्याला चार ओळींत आपले म्हणणे मांडता येत नाही, तोच एका चित्रात आपला राग चिकटवून मोकळा होतो. मुलाला गप्प बसवून तो गप्प बसत नाही, तो फक्त तुमच्यासमोर बोलत नाही. त्याला कागदावर भांडायला शिकवले तर त्याचे रस्त्यावरचे भांडण टळण्याची काही तरी आशा आहे. आणि कधी खरोखरच अन्याय झाला तर ठाण्यात, कचेरीत, न्यायालयात लेखीच द्यावे लागते. तिथे गप्प बसणाऱ्याच्या बाजूने कोणी निकाल लावत नाही.

दुसरी हरकत घरातली आहे. 'पोरं उलट बोलू लागतील. बेअदबी वाढेल. आज मास्तराला दाखला मागतील, उद्या मौलानांना मागतील.' मागू देत. आपल्याकडे मुनाझरा ही रीतसर विद्या होती, तिच्या अदबीवर स्वतंत्र ग्रंथ झाले. जौनपूरच्या अब्दुल रशीद यांचा सतराव्या शतकातला 'रशीदिया' हिंदुस्थानातल्या मदरशांच्या अभ्यासक्रमात होता. इमाम गझालींनी तत्त्ववेत्त्यांचे खंडन करण्याआधी त्यांची मते समजावून सांगणारे वेगळे पुस्तक लिहिले. मग इब्न रुश्द यांनी गझालींचे खंडन केले, तेव्हा गझालींचे म्हणणे उताऱ्यामागून उतारा देत प्रत्येकाला उत्तर दिले. विरोधकाचे म्हणणे त्याच्याइतक्याच चांगल्या शब्दांत मांडणे, ही अदब. आपल्या देशातल्या शास्त्री-पंडितांनीही पूर्वपक्ष आधी मांडण्याची हीच रीत पाळली. या अदबीला आपण विसरलो आणि गप्प बसण्याला अदब म्हणू लागलो.

प्रश्न विचारल्याने धर्म बुडतो म्हणणाऱ्यांनी तलाकचा इतिहासही आठवावा. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई सात स्त्रियांसह मुंबईत विधानभवनावर गेले, तेव्हा त्यांना समाजाबाहेरचे ठरवले गेले. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातला तीन तलाक अवैध ठरवला. बहुमतातल्या एका निकालपत्राचा आधारच असा होता की, ही प्रथा कुराणाला धरून नाही. हा मुद्दा एकावन्न वर्षे आपल्याच घरात पडून होता. आपणच तो आपल्या जमातीत मांडला असता, हरकती ऐकल्या असत्या, जबाब दिले असते, तर बाहेरच्यांना आपल्या घराचा निवाडा करायला बोलवावे लागले नसते. आणि या निकालानंतर झालेल्या २०१९ च्या कायद्यातल्या शिक्षेला ज्यांना विरोध करायचा होता, त्यांच्या शब्दालाही वजन आले असते.

तिसरी हरकत भाषेची. 'मराठीतूनच कशाला? उर्दूतून शिकवा.' उर्दूतून जरूर शिकवा, माझी ना नाही. पण जाब मराठीत विचारला जातो, तर जबाबही मराठीतच द्यावा लागेल. आणि मराठी ही आपल्याला कोणी उसनी दिलेली नाही. पाबळहून फार लांब नसलेल्या श्रीगोंद्यात सतराव्या शतकात शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीतच लिहिला. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपण हाच दावा केला होता की ही आमची भाषा आहे. त्या दाव्याचा दाखला संमेलनाच्या मंडपात मिळणार नाही. तो नववीतल्या वहीत मिळाला पाहिजे.

आता थोडे आपल्या कार्यक्रमांविषयी. गुणवंतांचा सत्कार आपल्याकडे गावोगाव होतो. शाल, ट्रॉफी, प्रमुख पाहुणे. पाहुणे एक तर कॉर्डोवा-बगदादचे वैभव सांगतात, नाही तर सच्चर समितीचे नाव घेऊन उसासा टाकतात. अभिमान आणि उसासा यांवर आपली व्यासपीठे चालली आहेत. राज्य सरकारने २००८ साली नेमलेल्या महमूदुर रहमान समितीचा अहवाल २०१३ साली आला. त्यानंतर जुलै २०१४ मध्ये मुस्लिमांतील मागास गटांना पाच टक्के आरक्षण देणारा अध्यादेश निघाला. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतले आरक्षण थांबवले, पण शिक्षणातले चालू ठेवायला हरकत घेतली नाही. आणि डिसेंबरमध्ये तो अध्यादेशच संपुष्टात आला. एवढा मोठा दाखला न्यायालयाच्या दारात आपल्या बाजूने उभा होता. त्यावर मोर्चे निघाले, घोषणा झाल्या. पण सत्कार झालेल्या गुणवंतांपैकी किती जण त्या निकालावर मराठीत दोन पानी मुद्देसूद लेख लिहू शकले असते? पंचाण्णव टक्क्यांचे पोर आपली फिर्याद लिहू शकत नसेल तर ते पंचाण्णव टक्के कशाचे?

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि तिला सरकारी मंजुरी लागत नाही. जिथे आपली संस्था आहे, शिकवणी आहे, मशिदीला लागून एक खोली आहे, तिथे सुट्टीत मुला-मुलींना बसवावे. विषय गावातला घ्यावा : कबर की समाधी, वाटेवरचा कत्तलखाना हलवावा की ठेवावा, कब्रस्तानाच्या भिंतीवर आधी खर्च करावा की मुलींच्या अभ्यासिकेवर. बाजू प्रत्येकाने स्वतः निवडावी. कागदाचे चार भाग करावेत : दावा, दाखला, हरकत, जबाब. गुणांपैकी निम्मे गुण हरकतीच्या भागाला असावेत. विरोधकाचे म्हणणे वाचून विरोधकाने 'हो, मला हेच म्हणायचे आहे' असे म्हटले तरच ते गुण मिळावेत. म्हणी, श्लोक, शेर यांना एकही गुण नाही. प्रत्येक 'म्हणून' खाली रेघ मारावी आणि वर्गाने त्यावर हातोडा मारून पाहावा. तुटले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहावे. शेजारच्या हिंदू मुलांनाही बोलवावे, कारण हरकत घेणारा खरा असल्याशिवाय जबाब खरा होत नाही. शिक्षक नसेल तर गावातला वकील बोलवावा, तोही नसेल तर तारखा खाऊन मुरलेला एखादा म्हातारा शेतकरी चालेल.

दरवर्षी सत्काराच्या शालींवर जो खर्च होतो, तेवढ्यात हे भागते. एक वर्ष शाली राहू द्यात. त्या मुलांच्या वह्यांतले चांगले चार निबंध आपल्या वार्षिकात छापावेत, आमच्यासारख्यांचे लेख कमी करून. त्यातल्या एखाद्या पोरीने माझ्या या लेखातला एखादा 'म्हणून' तोडून दाखवला, तर तो निबंध सर्वात आधी छापावा.